चुलीभोवतीचा दगड : प्रस्तावना

बीड जिल्हा काळ्या दगडाचा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून बाहेर पडलेल्या लाव्ह्याचे थरावर थर बसले आणि त्यातून आपला काळा पाषाण तयार झाला. बीडचं कंकालेश्वर मंदिर या दगडाचं, अंबाजोगाईची हत्तीखान्याची लेणी याच दगडात खोदलेली. घरातलं जातं, उखळ आणि पाटा-वरवंटाही त्याचाच. पाट्यावर पिढ्यानुपिढ्या चिंच वाटली गेली, आंबट चटण्या झाल्या, लिंबं पिळली गेली. टाकी लावताना छिन्नीने जेवढा गेला तेवढाच दगड गेला, आंबटाने त्याचं काही बिघडलं नाही. दगड घासावा, खरवडावा, त्याच्यावर काहीही ओतावं, तो सोसतो, ही आपल्या हातांची समजूत त्या पाट्यावर तयार झालेली आहे.

पण ज्या ओट्यावर आज तो पाटा ठेवलेला आहे, तो ओटा काळ्या पाषाणाचा नाही. तो कडप्प्याचा आहे. खाली पायाला लागणारी फरशी शहाबादी आहे. मोरीची लादी तीच, देवघरासमोरची पायरी तीच, आणि ज्या घरांत अजून चूल आहे तिथं भानुशीवर, म्हणजे चुलीमागच्या कट्ट्यावर, बसवलेली फरशीही बहुतेक वेळा तीच. शहाबादी, कडप्पा, तांदूर, कोटा ही चारही नावं फरशीच्या दुकानात वेगवेगळ्या ढिगांवर लिहिलेली असली तरी जात एकच : चुनखडक. लाव्हा वाहिला त्याच्या कितीतरी आधी उथळ समुद्रांच्या तळाशी साचलेला गाळ घट्ट होऊन हे दगड झाले. त्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट, आणि हा पदार्थ आंबटाला टिकत नाही. या पुस्तिकेतल्या प्रत्येक सूचनेच्या मुळाशी एवढी एकच गोष्ट आहे.

चुनखडकाची निगा हा विषय जगात नवा नाही. थंड मुलुखात घर ऊबदार ठेवायला भिंतीतच शेकोटी करतात आणि तिच्याभोवती घडीव दगडाची चौकट बसवतात. इंग्लंडात बाथ आणि पोर्टलंड इथल्या चुनखडकाच्या अशा चौकटी जुन्या घरांतून अजून आहेत. त्यांच्यावरची काजळी कशी काढावी, डाग कसा उठवावा, काय लावू नये, यावर तिकडं भरपूर लिहिलं गेलं आहे. आपल्याकडं विस्तवाशेजारचा हाच दगड लाखो स्वयंपाकघरांत आहे, तो रोज पुसला जातो, आणि मराठीत त्याच्या निगेविषयी सलग असं जवळपास काहीच सापडत नाही. जे ज्ञान आहे ते आजीकडं, गवंड्याकडं आणि पॉलिशवाल्याकडं विखुरलेलं आहे. त्यातलं बरंच खरं आहे आणि काही घातकही आहे. ते निवडून एका जागी ठेवावं म्हणून हे लेखन.

शहाबाद आपल्याला फार परकं नाही. सोलापूर-वाडी लोहमार्गावरचं, आजच्या कलबुरगी म्हणजे पूर्वीच्या गुलबर्गा जिल्ह्यातलं हे गाव. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत बीड आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद संस्थानात होते. तिथल्या खाणींत दगड मुळातच सपाट थरांत बसलेला असल्याने पहारीने उचकटला की फरशीसारखाच निघतो. करवतीची यंत्रं यायच्या आधीही तो घरात बसवण्याजोगा मिळत होता, त्याचं कारण हेच. कचेऱ्या, शाळा, धर्मशाळा, मठ आणि ज्याला चार पैसे जोडता आले त्याचं माजघर, असा मराठवाडाभर तो पसरला. शेणाने सारवलेली जमीन ज्या दिवशी शहाबादी झाली, त्या दिवशी घरातल्या बाईचं दर आठवड्याचं सारवण वाचलं. या दगडाचे उपकार मोजायचे तर इथून मोजायला हवेत.

बीड जिल्ह्यात चुना नाही असं मात्र नाही. आपल्या काळ्या रानांत चुनखडीचे पांढरे खडे निघतात, शेतकरी अशा जमिनीला चुनखडीची जमीन म्हणतो आणि तिथं मोसंबीचं पान पिवळं पडतं हेही त्याला ठाऊक असतं. हेच खडे भट्टीत भाजून चुना काढला जाई. चुनखडी 900 अंशांच्या आसपास तापली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो. शुद्ध चुनखडी 100 किलो भाजली तर 56 किलो कळीचा चुना हाती येतो. त्यात पाणी घातलं की तो फसफसतो आणि विरतो. मग वाळूबरोबर बैलाने ओढायच्या घाणीत मळून, गुळाचं पाणी किंवा बेलफळाचा गर घालून त्याचा बांधकामाचा चुना केला जाई. भिंतीत बसल्यावर तो हवेतला कर्बवायू सावकाश परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे जुन्या वाड्याच्या सांध्यांतला चुना आणि ओट्यावरचा कडप्पा रासायनिक दृष्टीने सख्खे भाऊ आहेत. एकाला जे बाधतं ते दुसऱ्यालाही बाधतं. म्हणूनच या पुस्तिकेत फरशीबरोबर चुन्याच्या भिंतींचंही प्रकरण घेतलं आहे.

आता मूळ दुखण्याकडं येतो. बीड, केज, धारूर, पाटोदा, आष्टी, कुठल्याही तालुक्यात जा, उन्हाळ्यात घरात येणारं पाणी बोअरचं किंवा टँकरचं असतं आणि ते जड असतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. हेच पाणी ओट्यावर, नळाखाली, मोरीत वाळतं आणि पांढरा थर ठेवून जातं. हा थर नुसत्या फडक्याने निघत नाही. मग दुकानातून बाटली येते. बाटलीतलं पिवळसर ॲसिड थरावर पडताच फेस येतो, वास येतो, थर नाहीसा होतो आणि दगड एकदम स्वच्छ दिसतो. पुसणाऱ्याला वाटतं, काम झालं.

झालं ते असं. पाण्याचा पांढरा थर हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. खालचा दगडही कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिडला या दोहोंतला फरक कळत नाही. फेस येतो तो थराचा जितका असतो तितकाच दगडाचाही असतो. वरची घट्ट, घोटलेली कातडी निघून गेली की खालचा दगड उघडा, खडबडीत आणि सच्छिद्र राहतो. पुढच्या वेळी त्याच्यावर थर अधिक लवकर धरतो, तेल अधिक खोल जातं, हळद अधिक घट्ट बसते. म्हणून पुन्हा ॲसिड. काही वर्षांत नळाखालच्या फरशीला खळगा पडतो, सांधे मोकळे होतात, पाणी खाली मुरतं आणि घरातले लोक म्हणतात, शहाबादी आता पूर्वीसारखी येत नाही. दगडाचा यात काडीचा दोष नाही.

नवीन घरातही हेच होतं. फरशी बसवून झाली की तिच्यावर सांडलेलं सिमेंट काढायला गवंडी ॲसिडने फरशी धुतो. काचेसारख्या चिनी मातीच्या लादीला ते चालून जातं. कडप्प्यावर आणि शहाबादीवर मात्र वास्तुशांतीच्या आधीच दगडाची चमक जाते. सिमेंट ओलं असतानाच पोत्याच्या तुकड्याने पुसून घेतलं तर ही वेळ येत नाही, आणि वाळलेलं सिमेंट लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने, थोडं थोडं ओलं करत, सुटतं. याला वेळ लागतो, मजुरी लागते. पण दगड एकदाच घ्यायचा असतो.

ॲसिडविरुद्ध एवढ्या कळकळीने लिहितो त्याला आणखी एक कारण आहे. बंद मोरीत ॲसिड ओतून वर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी टाकलं की क्लोरीन वायू निघतो, आणि तो घुसमटवून टाकतो. ते ओतणारी बहुतेक वेळा घरची बाई किंवा घरकामाला येणारी बाई असते, उघड्या हातांनी, अनवाणी. ॲसिड हल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ॲसिडच्या उघड्या विक्रीवर निर्बंध घातले, ते माणसांचे चेहरे आणि जीव वाचावेत म्हणून. फरशीच्या डागासाठी अशी वस्तू घरात ठेवावीच का, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा. माझं मत स्पष्ट आहे : चुनखडकाच्या घरात ॲसिडचं काही काम नाही.

मग पांढरा थर काढायचा कसा? धरूच न देणं हा खरा उपाय आहे. भांडी घासून झाली की ओटा कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा. ओला ठेवून वाळू दिला की थर आलाच. धरलेला थर पातळ असेल तर ओलं फडकं तासभर त्याच्यावर ठेवून मऊ करावा आणि लाकडी पट्टीने खरवडावा. जाड असेल तर पॉलिशवाल्याकडून घासून घ्यावा. त्याच्याकडचे घासायचे दगड जाडापासून बारकापर्यंत क्रमाने येतात आणि तो दगडाला पुन्हा कातडी आणून देतो. तोही शेवटी ऑक्झॅलिकची पूड वापरतो, आणि ती आम्लच असते. पण ती मोजून, घोटून, लगेच धुऊन काढण्याची कारागिरी आहे. ते काम त्याचंच, ते घरी करू नये.

घरातल्या आंबटांचंही तेच. लिंबाची चिरलेली फोड कडप्प्यावर पालथी ठेवा आणि भाजी परतून या. फोड उचलली की खाली नेमक्या तिच्या आकाराचं फिकट कडं दिसेल. तो डाग नव्हे, म्हणून तो कितीही पुसला तरी जाणार नाही. तिथं दगडाची चमक खाल्ली गेलेली असते आणि उजेड वेगळा परतायला लागतो. चिंचेचा कोळ, ताक, दही, टोमॅटो, व्हिनेगर, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने असंच. शिकेकाईही आंबट गुणाची, म्हणून केसांना चांगली असली तरी घोटलेल्या फरशीला नको. याच गुणाचा एक उपयोगही आहे. नवा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आहे की कडप्प्याचा, हे नुसतं बघून कळत नाही. कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, लिंबाचा एक थेंब टाकून पंधरा मिनिटांनी पुसून पाहावं. जागा निस्तेज झाली तर चुनखडक. दगड घ्यायच्या आधी दुकानातल्या तुकड्यावर हे केलं तर फारच उत्तम.

आता काजळी. उज्ज्वला योजना 2016 मध्ये आली, गॅस खेडोपाडी पोचला, तरी चूल विझलेली नाही. सिलिंडर महाग, आणि सरपण रानात आहे. पळाट्या, तुराट्या, बाभळीचं लाकूड यांचा धूर भानुशीवर, मागच्या भिंतीवर, धुराड्याच्या तोंडाशी बसतो. काजळीत नुसता कोळसा नसतो. ओल्या लाकडाचा डिंकासारखा चिकट अंश आणि फोडणीचं तेलही तिच्यात मिसळलेलं असतं. अशा जागेवर पहिल्यांदाच पाणी मारलं की बारीक कोळसा दगडाच्या छिद्रांत उतरतो आणि तिथंच राहतो. म्हणून चूल पूर्ण थंड झाल्यावर, राख काढून, आधी कोरड्या मऊ कुंच्याने वरून खाली झाडून घ्यावं. काजळी सुटायची थांबली की मगच ओलं फडकं. कोमट पाण्याच्या बादलीत भांड्यांच्या साबणाचे काही थेंब पुरतात. आणि इथं एक गोष्ट उलटी आहे : ओलं पुसायचं ते खालून वर. वरून सुरुवात केली तर काळं पाणी खालच्या कोरड्या दगडावर ओघळतं, दगड ते पिऊन घेतो आणि ओघळ कायमचे उमटतात. खालचा भाग आधी ओला असेल तर तो वरून आलेलं पाणी पीत नाही. शेवटी स्वच्छ पाण्याने दोनदा पुसावं, कारण उरलेला साबण पुढची धूळ धरून ठेवतो.

आपल्याकडं चुलीला रोज सकाळी पोतेरं द्यायची रीत होती. मातीच्या चुलीला ती योग्यच, कारण काजळीवर मातीचा नवा हात बसतो आणि चूल रोज नवी होते. दगडी भानुशीला मात्र पोतेरं देऊ नये. मातीचा थर ओल धरतो आणि सांध्यांत जातो. राखेने घासण्याचंही असंच बघून ठरवायला हवं. लाकडाची राख क्षारी आहे, चुनखडकाला ती खात नाही, तेलकटपणा उत्तम काढते. पण तिच्यात रेतीचे कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या पट्टीवर रेती 7 वर आहे आणि कॅल्साइट, म्हणजे हा दगड ज्याचा बनला ते खनिज, 3 वर. राख वस्त्रगाळ करून, बोटांना अगदी पिठासारखी लागेल अशी, घेतली तर चालेल. नाहीतर बारीक ओरखड्यांचं जाळं उमटतं. परळीकडच्या घरांत वीजकेंद्राची उडती राख येऊन बसते, तिथं कोरड्या फडक्याने फरशी रगडणं याच कारणाने टाळावं. आधी हलक्या हाताने झाडावं, मग ओलं पुसावं.

तेल आणि हळद या दोन डागांना पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथं थोडक्यात. तेलाचा डाग घासून जात नाही, तो वर ओढून काढावा लागतो. खडूची पूड किंवा मुलतानी माती धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात कालवून त्याचा बोटभर जाड थर डागावर द्यावा, वरून प्लास्टिक अंथरून रात्रभर ठेवावं, मग प्लास्टिक काढून थर सुकू द्यावा. सुकताना तो तेल वर शोषतो. एका खेपेत निघालं नाही तर पुन्हा. नंतर सोडा पुरता धुऊन काढायला हवा, कारण दगडात राहिलेला क्षार पुढं पांढरा होऊन बाहेर येतो. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि माणूस घाबरून जोरात घासायला लागतो. घाबरू नये. हळदीचा रंग उन्हात उडतो, आणि ज्या फरशीवर ऊन येतं तिथला डाग काही दिवसांत आपोआप फिका होतो.

चमक यावी म्हणून कडप्प्याला खोबरेल किंवा गोडंतेल चोळणारी घरं पुष्कळ आहेत. दोन दिवस दगड काळाभोर दिसतो, हे खरं. मग त्याच तेलावर धूळ बसते, तेल खवट आणि चिकट होतं, मुंग्या येतात. रॉकेलने पुसणं तर विस्तवाशेजारी सरळ धोक्याचं आहे. तेल लावूच नये, असंच मी सांगेन.

विस्तवाबद्दल एक सावधगिरी. शहाबादी फरशी थेट जाळाखाली घालू नये. हा दगड थरांचा आहे, थरांत ओल असते. एकदम तापला की वाफ कोंडते आणि दगडाचे पापुद्रे फुटून उडतात, कधी डोळ्यांपर्यंत येतात. जाळाच्या तळाला माती, वीट किंवा काळा पाषाण, आणि शहाबादी फक्त भोवती, हीच जुन्या गवंड्यांची मांडणी होती आणि तीच बरोबर आहे. गॅसच्या ओट्यावरही शेगडीवरून उतरवलेली लाल तापलेली लोखंडी कढई थेट कडप्प्यावर टेकवू नये. आडणी त्यासाठीच असते.

आपल्या जिल्ह्याची म्हणून एक अडचण आहे, ती बाहेरच्या कुठल्याही पुस्तकात मिळायची नाही. दसरा-दिवाळी झाली की हजारो घरांना कुलूप लागतं आणि माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. चार-पाच महिने घर बंद, वारा नाही, विस्तव नाही. परत आल्यावर फरशीवर आणि भिंतीच्या खालच्या हातभर भागावर लोणा फुललेला असतो. जमिनीतली ओल वर चढते, दगडाच्या पृष्ठभागावर सुकते आणि आपल्याबरोबर आणलेलं मीठ तिथं सोडून जाते. आल्या आल्या बादल्या ओतून घर धुवायचा मोह होतो, तो आवरावा. पाण्याने लोणा विरघळून पुन्हा आत जातो आणि पुढच्या खेपेला अधिक येतो. खिडक्या-दारं उघडून घर दोन-चार दिवस वाळू द्यावं, लोणा कोरड्या कुंच्याने झाडून सुपलीत भरावा आणि घराबाहेर दूर टाकावा. असं काही वेळा केलं की मीठ कमी होत जातं. जाण्यापूर्वी चुलीतली राख पूर्ण काढावी, कारण तीही क्षार आणि ओल धरून बसते. आणि उंदरांच्या भीतीने सगळी छिद्रं बुजवताना वरचा एखादा झरोका जाळी लावून उघडा ठेवावा.

लोणा आला म्हणून भिंतीला सिमेंटचा गिलावा करणं किंवा ऑइल पेंट लावणं हा सध्याचा सर्रास उपाय आहे. त्याने ओल थांबत नाही, तिची वाट बंद होते. ती दगडाच्या आत साठते आणि दगडच पिठासारखा झडायला लागतो. जुन्या वाड्यांचे, देवळांच्या ओवऱ्यांचे सांधे सिमेंटने भरलेले जिथं जिथं आहेत, तिथं सांधा शाबूत आणि कडेचा दगड झिजलेला, असं उलटं चित्र दिसतं. सांधा दगडापेक्षा मऊ असावा, म्हणजे झीज सांध्याची होते आणि सांधा पुन्हा भरता येतो. चुना हे काम करतो. बीडची खजाना विहीर 1582 च्या सुमारास अहमदनगरच्या निजामशाहीतल्या सलाबत खानाने बांधवली. आजचं सिमेंट तेव्हा जगात नव्हतं.

ही पुस्तिका लिहिताना तीन माणसं डोळ्यांसमोर ठेवली आहेत : घर सांभाळणारी बाई, फरशी बसवणारा गवंडी आणि गावातल्या देवळाच्या डागडुजीचा निर्णय घेणारे विश्वस्त. तिघांनाही रसायनशास्त्र ठाऊक असण्याची गरज नाही. कुठलाही नवा पदार्थ आधी फरशीच्या तुकड्यावर किंवा दाराआडच्या कोपऱ्यात लावून दुसऱ्या दिवशी पाहायचा, एवढी सवय पुरेशी आहे.

घट बसायच्या आधी आपल्याकडं सगळं घर बाहेर निघतं. गोधड्या धुतल्या जातात, भिंती झाडल्या जातात, ओटे आणि मोऱ्या घासल्या जातात. वर्षातलं सर्वांत जास्त ॲसिड दगडावर त्याच आठवड्यात पडत असावं. वाचकांना विनंती आहे की या वर्षी ती बाटली आणू नये, आणि कामाला येणाऱ्या गवंड्याला आणि बाईंनाही हे आधीच सांगून ठेवावं. तुमच्या घरात, तुमच्या गावात दगड राखायची याहून चांगली रीत असेल तर ती जरूर कळवा. पुढच्या आवृत्तीत ती घालता येईल.